बारावीनंतरची शिष्यवृत्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्रात बारावीत शिकणाऱ्या किंवा नुकतीच बारावी झालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. गुणांची काळजी घरातले सगळेच करतात. शिष्यवृत्ती हुकते ती मात्र बहुतेक वेळा कागदांपायी. दाखल्याची मुदत संपलेली असते, आधारवरचं नाव मार्कशीटशी जुळत नाही, नाहीतर पैसे भलत्याच खात्यात जातात. म्हणून इथे योजनांच्या लांबलचक याद्यांपेक्षा कागद, खातं आणि नियम यांवर जास्त लिहिलं आहे. रकमा आणि उत्पन्नाच्या मर्यादा शासन निर्णयाने बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचा आकडा महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर एकदा बघून घ्या.

निकाल लागल्यावर बघू, असं म्हटलं तर चालेल का?

अर्ज निकालानंतर, खरं तर कॉलेजात प्रवेश झाल्यानंतरच भरायचा असतो. त्यामुळे "आत्तापासून काय घाई" असं वाटतं. पण निकाल लागला की त्याच दोन-तीन आठवड्यांत तालुक्यातली सगळी मुलं एकाच सेतू केंद्रासमोर उभी असतात. सर्व्हर बंद पडतो, तलाठी दौऱ्यावर असतात आणि कॅप राउंडची, म्हणजे व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीची, तारीख कोणासाठी थांबत नाही. हेच दाखले जानेवारी-फेब्रुवारीत मागितले तर निवांत मिळतात. जात वैधतेचं, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीचं, काम तर अकरावीतच सुरू करावं. फक्त एक बघा: उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाला जोडलेला असतो, म्हणून तो एप्रिल उजाडल्यावर काढा. फेब्रुवारीत काढलेला दाखला जुलैत नाकारला गेला, तर हेलपाटा पुन्हा तुम्हालाच पडेल.

नेमके कोणते कागद लागतात?

सगळ्यांना लागणारे: आधार कार्ड, दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, रेशनकार्ड, कॉलेजचं बोनाफाइड, फी भरल्याची पावती आणि व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर कॅपचं अलॉटमेंट लेटर. आरक्षित प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचं) प्रमाणपत्र. वसतिगृहात राहणार असाल तर तिथल्या रेक्टरचं प्रमाणपत्र. वडील किंवा आई हयात नसतील तर मृत्यूचा दाखला. मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

सगळे कागद एकदाच नीट स्कॅन करून ठेवा. महाडीबीटीवर फाइल २५६ केबीच्या आत लागते. मोबाइलवर अंधारात काढलेला, कोपरा कापलेला फोटो अपलोड केलात तर अर्ज परत येण्याची सोय तुम्हीच करून ठेवली असं समजा.

आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव वेगळं आहे. अडेल का?

अडेल. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव आणि जी जन्मतारीख आहे तीच प्रमाण मानली जाते, म्हणून दुरुस्ती आधारमध्ये करून घ्या. त्याचबरोबर आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, तेही पाहा. ओटीपी आजोबांच्या बंद पडलेल्या सिमवर जात असेल तर पोर्टलचं दारच उघडत नाही.

उत्पन्नाचा दाखला काढला आहे. मग नॉन-क्रिमीलेअर वेगळं कशाला?

दोन्हींत उत्पन्न येतं म्हणून हा घोळ होतो, पण त्या दोन निरनिराळ्या कसोट्या आहेत.

उत्पन्नाच्या दाखल्यात घरात येणारा सगळा पैसा धरतात: पगार, शेती, दुकान, भाडं, सगळं. नॉन-क्रिमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न बाजूला ठेवतात. तिथे आईवडिलांचं नोकरीतलं पद पाहतात आणि इतर मार्गांनी येणारं उत्पन्न मोजतात. त्याची मर्यादा २०१७ पासून वार्षिक आठ लाख आहे. हे प्रमाणपत्र ओबीसी, भटक्या-विमुक्त जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांना लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही.

आता एक उदाहरण घ्या. वडील शिक्षक आहेत, वर्षाचा पगार नऊ लाख, प्रवर्ग ओबीसी. त्यांच्या मुलाला नॉन-क्रिमीलेअर मिळू शकतं, म्हणजे आरक्षणातून प्रवेश मिळतो. पण शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा आठ लाख आहे आणि तिथे पगार धरला जातो, म्हणून शुल्क सवलत मिळत नाही. "प्रवेश दिलात, मग शिष्यवृत्ती का नाही" असा वाद कॉलेजच्या खिडकीवर दरवर्षी होतो. खिडकीतल्या कारकुनाचा त्यात काही दोष नसतो.

नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, मग ते एक वर्षाचं असो की तीन वर्षांचं. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे देऊन तीन वर्षांचंच काढा. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं, प्रमाणपत्र मात्र दर आर्थिक वर्षी नवं काढावं लागतं.

जातीचा दाखला आहेच. वैधता प्रमाणपत्राला एवढा वेळ का लागतो?

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. तो खरा आहे की नाही हे तपासायचं काम जिल्हा जात पडताळणी समितीचं, आणि अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र समित्यांचं. ही तपासणी कागदांवर चालते, आणि कागद जुने लागतात. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणाचा तरी ठरावीक तारखेआधीचा जातीचा आणि महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७.

आजोबा किंवा पणजोबा शाळेत गेले असतील तर त्यांच्या शाळेतून प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा काढा. गेले नसतील तर गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, कोतवाल बुक, फेरफार, खासरापत्रक असं शोधत जावं लागतं. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात हे सापडतं, पण तिथे एका खेपेत काम होईल अशी आशा धरू नका. काका, आत्या, चुलत भाऊ अशा वडिलांकडच्या नात्यात कोणाकडे आधीचं वैधता प्रमाणपत्र असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. त्याची प्रत आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा. आईकडचे पुरावे सहसा चालत नाहीत. एरवी भाऊबंदकीत बोलणं बंद असलं तरी या एका कागदासाठी लोक काकांचं दार वाजवतात, आणि काका बहुतेक वेळा देतातही.

अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिफारसपत्रासह समितीकडे द्यायची असते. पावती जपून ठेवा. प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र हातात नसेल तर निदान ती पावती तरी दाखवता येते.

महाडीबीटीवर मला हवी ती योजना दिसतच नाही. काय करू?

महाडीबीटी हे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचं एकत्रित पोर्टल आहे. समाजकल्याण, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण, अल्पसंख्याक विकास अशा वेगवेगळ्या खात्यांच्या योजना तिथेच भरायच्या. मात्र तिथे सगळ्यांना सगळ्या योजना दिसत नाहीत. तुम्ही प्रोफाइलमध्ये जात प्रवर्ग, उत्पन्न, अभ्यासक्रम, प्रवेशाचा प्रकार आणि अधिवास जसा भरला असेल त्यानुसार पोर्टल योजना गाळून दाखवतं.

योजना दिसत नसेल तर दहातल्या नऊ वेळा प्रोफाइलमध्ये चूक असते. कॅपमधून प्रवेश घेतलेला असताना तिथे दुसरंच काही निवडलेलं असतं, कॉलेजचं नाव सारखं असलं तरी शाखा किंवा तुकडी वेगळी असते, किंवा उत्पन्नाच्या रकान्यात एक शून्य जास्त पडलेलं असतं. मागच्या शिक्षणाच्या भागात दहावी आणि बारावी दोन्ही भरावी लागतात, तेही पुष्कळ जण विसरतात.

आम्ही खुल्या प्रवर्गातले. आम्हाला काही मिळतं का?

मिळतं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, जिला लोक अजून ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलत म्हणतात, ती तुमच्यासाठी आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावं, विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असावा आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश कॅपमधून झालेला असावा. मुलांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काच्या निम्मी रक्कम मिळते. कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ आहे, म्हणून तिसऱ्याच्या वेळी आशेवर राहू नका.

उत्पन्न आठ लाखांच्या वर गेलं की सरकारी योजना जवळजवळ संपतात. मग खाजगी न्यास आणि कंपन्यांच्या शिष्यवृत्त्यांकडे वळावं.

मुलींना फी माफ झाली ना? मग कॉलेज पैसे का मागतंय?

सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के मिळू लागलं. आधी ते पन्नास टक्के होतं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून हवा. त्या वर्षी आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही तो लागू झाला.

बातमीत "मुलींना मोफत शिक्षण" असं छापून आलं आणि गैरसमज तिथूनच सुरू झाले. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बस, गणवेश, प्रयोगशाळेची अनामत हे त्यात नाही. खाजगी विनाअनुदानित कॉलेजच्या पावतीवर विकास शुल्क वेगळ्या ओळीत असतं, ते भरावं लागतं. म्हणून कॉलेज मागत असलेली रक्कम कोणत्या शीर्षाखाली आहे हे लेखी मागा. शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला ठरवून दिलेली फी सार्वजनिक असते. ती पावतीशेजारी ठेवून पाहिली की काय चाललंय ते कळतं.

शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, अशी शासनाची परिपत्रकं आहेत. तरी काही कॉलेजं "आधी भरा, सरकारकडून आले की परत देऊ" म्हणतात. अशा वेळी खिडकीवर भांडण्यापेक्षा प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या आणि प्रत तंत्रशिक्षण किंवा उच्च शिक्षणाच्या विभागीय सहसंचालकांना पाठवा. आवक क्रमांक पडलेल्या कागदाला कार्यालयं फार मान देतात.

अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी मुलांसाठी काय?

अनुसूचित जाती आणि जमातींसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. उत्पन्न मर्यादा अडीच लाख. यात शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो, आणि वसतिगृहात राहणाऱ्याला तो जास्त असतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्तीची योजना आहे. तिलाच फ्रीशिप म्हणतात, तिथे भत्ता नसतो. ओबीसी मुलांना खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजात निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. त्यासाठी उत्पन्न आठ लाखांपर्यंत आणि सोबत नॉन-क्रिमीलेअर लागतं.

मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर?

शुल्काच्या राज्य योजना विसरा. प्रवेश घेण्याआधीच हा हिशेब मांडा. कॅपमध्ये मिळालेलं दुसऱ्या पसंतीचं कॉलेज सोडून मॅनेजमेंट कोट्यातून "नावाजलेलं" कॉलेज घेणारी कुटुंबं चार वर्षांत किती रक्कम सोडून देतात, हे कोणी त्यांना आधी सांगत नाही. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांतही ईबीसी सवलत मिळेल असं धरून चालू नका.

फी भागली, पण पुण्यात राहायचं-जेवायचं कसं?

खेड्यातून येणाऱ्या मुलासाठी खरा खर्च हाच आहे. शाहू महाराजांनी हे ओळखून कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी केली. आजच्या योजना मात्र फीभोवतीच जास्त फिरतात, आणि राहण्याच्या योजनांची माहिती मुलांपर्यंत उशिरा पोचते.

पहिला प्रयत्न शासकीय वसतिगृहाचा करा, मग ते समाजकल्याणचं असो, आदिवासी विकास विभागाचं असो की इतर मागास बहुजन कल्याणचं. कॉलेजात प्रवेश झाल्याबरोबर अर्ज करा, कारण जागा गुणवत्तेवर भरतात आणि लवकर संपतात.

वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती २०१६-१७ मध्ये सुरू झाली. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये असा तिचा दर ठरलेला आहे. विद्यार्थी कॉलेजच्या शहरातला रहिवासी नसावा आणि उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, आणि ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. घरमालकाकडून भाडेकरार करून घ्या, तो लागतो. "कॉट बेसिस"वर ठेवणारे मालक करार द्यायला टाळाटाळ करतात, तेव्हा खोली ठरवतानाच हे बोलून घ्या.

ईबीसी सवलत घेणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना तिचा लाभ जास्त. तिचा अर्ज महाडीबीटीवरच, पण वेगळा भरायचा असतो. ईबीसी भरली म्हणजे हीसुद्धा भरली गेली असं समजून पुष्कळ मुलं गप्प बसतात.

पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या मुलामुलींची अल्प खर्चात राहण्याजेवण्याची सोय करते. प्रवेश मुलाखतीने होतो. शिवाय बऱ्याच विद्यापीठांत आणि कॉलेजांत "कमवा आणि शिका" योजना असते. त्यातून फी सुटत नाही, पण मेसच्या बिलाला हातभार लागतो.

केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्या कोणत्या?

त्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असतात, म्हणजे एनएसपीवर. आधी तिथे ओटीआर, म्हणजे एकदाच करायची नोंदणी, करून घ्यावी लागते.

सर्वांत कमी माहिती असलेली आणि कला-वाणिज्य-विज्ञान, कोणालाही मिळू शकणारी म्हणजे महाविद्यालय आणि विद्यापीठ विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती. देशभरात दरवर्षी ८२ हजार नवे विद्यार्थी निवडले जातात, त्यातले निम्मे लाभ मुलींसाठी. पदवीला वर्षाला १२ हजार रुपये. उत्पन्न मर्यादा साडेचार लाख. बोर्डात आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असायला हवं. ही अट वाचून मुलं ८० टक्के शोधत बसतात. ते टक्के नव्हेत. शाखेतल्या वरच्या पाचव्या हिश्शात तुम्ही आहात का, एवढंच तिथे पाहतात, आणि कला शाखेत तो आकडा पुष्कळ खाली असू शकतो. म्हणून ७२ टक्के पडले म्हणून स्वतःच स्वतःला बाद करू नका. मंडळाने जाहीर केलेला आपल्या शाखेचा कटऑफ बघा.

इंजिनीअरिंग किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातल्या मुलींसाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती: वर्षाला ५० हजार, उत्पन्न आठ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींना. अपंग विद्यार्थ्यांसाठी तिचीच बहीण सक्षम, तिथे किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. अनाथ मुलांसाठी स्वनाथ.

मूलभूत विज्ञानात बीएस्सी करणार असाल तर इन्स्पायर शिष्यवृत्ती. बोर्डात पहिल्या एक टक्क्यात असणाऱ्यांना वर्षाला ८० हजारांपर्यंत. त्यातले ६० हजार रोख आणि २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. ही इंजिनीअरिंग आणि मेडिकलला मिळत नाही. फिजिक्समध्ये जीव अडकलेला असूनही केवळ "बीएस्सीला काय आहे" या बोलण्यामुळे इंजिनीअरिंगला जाणाऱ्या मुलाच्या घरच्यांनी हा आकडा जरूर बघावा.

आयआयटीत नंबर लागला, पण फी परवडत नाही.

आयआयटीच्या बीटेकला अनुसूचित जाती, जमाती आणि अपंग विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे. इतरांमध्ये घरचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ. उत्पन्नाचा दाखला नोंदणीच्या वेळीच तयार ठेवा.

कंपन्या आणि न्यासांच्या शिष्यवृत्त्या खऱ्या असतात का?

असतात, आणि त्यांना जातीची वा बोर्डाची अट सहसा नसते. रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती देशभरातल्या पाच हजार विद्यार्थ्यांना पूर्ण अभ्यासक्रमासाठी मिळून दोन लाखांपर्यंत मदत देते. पदवीच्या पहिल्या वर्षात अर्ज करायचा, बारावीला किमान ६० टक्के हवेत, घरचं उत्पन्न पंधरा लाखांच्या आत हवं आणि एक ऑनलाइन अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. बारावीनंतर व्यावसायिक पदवीला जाणाऱ्या मुलींसाठी कोटक कन्या शिष्यवृत्ती आहे. पुण्याचं लीला पूनावाला फाउंडेशन १९९५ पासून मुलींना शिष्यवृत्ती देतं. पुण्याशिवाय वर्धा, अमरावती, नाशिक इथेही त्याचं काम आहे.

याखेरीज तुमच्या जवळपासचे लहान दाते विसरू नका. ज्ञातिसंस्था, गावची पतसंस्था, साखर कारखाना, वडील काम करतात तिथला कामगार कल्याण निधी, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं मंडळ. पाच-दहा हजारच देतात, पण अर्जदार कमी असतात आणि पैसे दिवाळीच्या आत हातात पडतात. शहरातल्या मोठ्या शिष्यवृत्तीसाठी रात्र जागवणारी मुलं गावातल्या पतसंस्थेच्या फलकाकडे ढुंकूनही बघत नाहीत.

"स्वतःबद्दल ३०० शब्दांत लिहा" असं विचारतात. काय लिहायचं?

सरकारी योजनांना हे लागत नाही, खाजगी शिष्यवृत्त्यांना लागतं, आणि आपली मुलं इथेच अडतात. शाळेत निबंध शिकवला तो "माझा आवडता ऋतू" छापाचा. त्यामुळे पहिलं वाक्य हमखास "मी एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मलो" आणि शेवटचं "मला देशाची सेवा करायची आहे" असं येतं. निवड समितीसमोर अशी शेकडो पानं असतात.

त्याऐवजी खरं आणि बारीकसारीक लिहा. "आमची दोन एकर जिरायत आहे. यंदा सोयाबीन भिजलं, म्हणून बाबांनी उसनवारीवर माझी सीईटीच्या क्लासची फी भरली. मी सकाळी दूध घालून सव्वानऊची एसटी पकडते." या तीन वाक्यांत परिस्थिती, जबाबदारी आणि सवय तिन्ही दिसतं, आणि दया मागितल्यासारखं वाटत नाही. नंतर हाच अभ्यासक्रम का घेतला ते सांगा. कारण साधं असलं तरी चालेल. "आमच्या पाड्यावर आजारी माणसाला झोळीतून न्यावं लागतं, म्हणून मला नर्सिंग करायचं आहे" हे कारण पुरेसं आहे. शेवटी पैसे कशाला लागतात त्याचा हिशेब द्या: खोलीभाडं इतकं, मेस इतकी, पुस्तकं इतकी, घरून इतके येतील, तूट इतकी. आकडे मांडणारा अर्जदार दात्यांना आवडतो, कारण त्यांना स्वतःलाही पुढे कोणाला तरी हिशेब द्यायचा असतो.

मराठीत लिहायची मुभा असेल तर मराठीतच लिहा. मुलाखतीतही जे लिहिलंय त्यावरच प्रश्न येतात, म्हणून सायबर कॅफेवाल्याकडून किंवा एखाद्या ॲपकडून लिहून घेतलेला मजकूर पहिल्या दोन मिनिटांत उघडा पडतो.

एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या घेता येतात का?

एकाच शुल्कासाठी दोन सरकारी योजना नाहीत. एक फीसाठी आणि एक निर्वाहासाठी, असं मात्र नियमात बसतं, जसं ईबीसी आणि पंजाबराव देशमुख भत्ता. खाजगी दात्यांमध्ये काहींची हरकत नसते, काहींची असते. अर्जात "इतर कुठली मदत मिळते का" असा रकाना असतो तिथे खरं लिहा.

अर्ज मंजूर झाला, पण पैसे आले नाहीत.

आधी आधार सीडिंग, म्हणजे आधारशी बँक खात्याची जोडणी, तपासा. बँकेत आधार कार्डाची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं असं नाही. शिष्यवृत्तीचे पैसे खाते क्रमांकावर न येता आधार क्रमांकावर येतात, आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत त्या आधारशी जे खातं जोडलेलं असेल तिथेच पडतात. अशी नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. मधे कुठे कॅम्पमध्ये किंवा मोबाइलच्या दुकानात दुसरं खातं उघडताना अंगठा दिला असेल, तर ती नोंद तिकडे सरकलेली असू शकते. मुलगी म्हणते पैसे आलेच नाहीत, आणि ते तिच्याच विसरलेल्या खात्यात पडून असतात. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस पाहिलं की बँकेचं नाव कळतं.

दुसरं कारण खात्याच्या प्रकाराचं. शाळेत असताना उघडलेल्या अज्ञान (अठरा वर्षांखालच्या मुलाच्या) खात्याला बँकेची मर्यादा असू शकते, पूर्ण केवायसी नसलेल्या "स्मॉल अकाउंट"मध्ये तर ५० हजारांच्या वर शिल्लक राहू शकत नाही, आणि मोठी रक्कम परत जाते. अठरा पूर्ण झाल्याबरोबर बँकेत जाऊन केवायसी पूर्ण करा.

या दोन्हींत काही अडचण नसेल तर मग निधीची वाट पाहणं आलं. हप्ते उशिरा येतात, कधी पुढच्या वर्षात जातात. काही योजनांत कॉलेजच्या शुल्काची रक्कमही विद्यार्थ्याच्याच खात्यात येते. ती आपली नाही हे लक्षात ठेवा आणि मुदतीत कॉलेजात भरून पावती घ्या.

अर्जावर "सेंट बॅक" दिसतंय. म्हणजे नामंजूर झाला का?

नाही. कॉलेजच्या किंवा खात्याच्या डेस्कने त्रुटी काढून तो तुमच्याकडे परत पाठवला आहे. शेरा वाचा, तेवढंच दुरुस्त करा आणि मुदतीत पुन्हा पाठवा. अर्ज भरल्यावर आठवड्यातून एकदा लॉगिन करून पाहत जा, एसएमएसवर विसंबू नका. अर्ज बरेच दिवस कॉलेजच्याच लॉगिनला अडकून असेल तर स्कॉलरशिप विभागात जाऊन अर्ज क्रमांक देऊन या. एका कारकुनाकडे हजार-बाराशे अर्ज असतात, गोड बोलून गेलात तर तुमचा वर येतो.

दरवर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो का?

हो, नूतनीकरणाचा. आदल्या वर्षाचा निकाल आणि पुरेशी हजेरी लागते. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी हवी. दुसऱ्या वर्षी मुलं हे हमखास विसरतात, कारण घरातून आठवण करून देणारं कोणी जवळ नसतं.

बारावीनंतर एक वर्ष नीट किंवा जेईईसाठी थांबलो तर?

राज्याच्या बहुतेक योजना गॅपच्या प्रतिज्ञापत्रावर चालतात. इन्स्पायर मात्र त्याच वर्षी बारावी झालेल्यांना असते, म्हणून ती हातची जाते.

बारावीनंतर थेट परदेशी पदवीसाठी सरकारी शिष्यवृत्ती आहे का?

राज्याच्या परदेशी शिष्यवृत्त्या मुख्यतः पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत. आधी इथे पदवी करा.

एक जण म्हणतो, पाच हजार द्या, शिष्यवृत्ती करून देतो.

देऊ नका. अर्ज भरून देणाऱ्या केंद्राला त्याची ठरलेली फी द्या, पावती घ्या आणि लॉगिनचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा. "तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा" असा फोन कुठल्याही खात्यातून येत नाही.

पैसे येईपर्यंत फी कुठून भरायची?

कॉलेजकडे हप्ते बांधून मागा, लेखी अर्ज करून. तेवढ्याने भागत नसेल तर शैक्षणिक कर्ज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि दुसऱ्या कुठल्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज सवलतीचा लाभ घेतलेला नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात आणि पुढच्या सवलतीच्या मुदतीत तीन टक्के व्याज सवलत आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवर पाहता येतं. नसेल तर नेहमीच्या शैक्षणिक कर्जासाठी ज्या शाखेत आईवडिलांचं खातं आहे तिथेच आधी जा, आणि जाताना अलॉटमेंट लेटर, फीचं पत्रक आणि उत्पन्नाचा दाखला सोबत न्या.